मदत हवी आहे: फ्रान्सच्या नकारापुढे बाकी तिघे का थांबले?

१९४५ नंतरच्या जर्मनीच्या कारभारावर टिपण लिहितेय, एका जागी गाडं अडलंय. पॉट्सडॅमच्या परिषदेत अमेरिका, ब्रिटन आणि सोव्हिएत संघ या तिघांचं ठरलं की जर्मनी आर्थिकदृष्ट्या एकच घटक मानायचा. अर्थ, वाहतूक, उद्योग अशी केंद्रीय सरकारी खाती सुरू करायची. फ्रान्सला तिथे बोलावलंच नव्हतं, पण जर्मनीचा कारभार पाहणाऱ्या चार विजेत्यांच्या बर्लिनच्या नियंत्रण परिषदेत त्याला खुर्ची होती आणि निर्णय एकमताने! मग काय, वाहतुकीच्या खात्यालाही फ्रेंचांनी आडकाठी केली. आधी ऱ्हाइनलँड आणि रुर या पश्चिम जर्मनीतल्या भागांचं बोला म्हणे. (त्यांचा राग समजतो.)

पॉट्सडॅमचा मसुदा आणि मॉर्गेन्थाऊ योजना (जर्मनीचे अवजड उद्योग मोडण्याची अमेरिकी सूचना) वाचून झालीय, नुकसानभरपाईचा वादही माहीत आहे. जर्मन येत नाही, मराठी-इंग्रजी चालेल.

बाकी तिघांनी आपापल्या ताब्यातल्या विभागांपुरती ती खाती तेव्हाच का सुरू केली नाहीत? कच खाल्ली कोणी, लंडनने की मॉस्कोने?