आईने सीरो सर्व्हेला रक्त दिलं होतं, ते कुठल्या आकड्यात गेलं?

दौलतगंजकर:
परवा आईच्या गुरुचरित्राच्या पोथीत घडी घातलेला एक कागद सापडला. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) सीरो सर्व्हेची, म्हणजे कोविड किती जणांना होऊन गेला ते रक्तावरून बघणाऱ्या सर्वेक्षणाची, हिंदीतली माहिती, वर पेनाने तारीख २६ ऑगस्ट २०२०. त्या दिवशी आमच्याकडे गौरी जेवायच्या होत्या, म्हणून सगळं लख्ख आठवतं. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातली आमची गल्ली, दारात मास्क आणि फेस शील्ड लावलेली दोघं-तिघं माणसं, आत पुरण शिजतंय. बाबा ओट्यावरूनच ‘नको’ म्हणाले. आई सोवळ्यात होती, तरी बाहेर आली आणि हात पुढे केला. नंतर पुन्हा अंघोळ करून स्वयंपाकाला लागली.

एप्रिल २०२१ मध्ये आई गेली. कोविडनेच.

जुलैत या सर्व्हेच्या नव्या फेरीची बातमी आली, मध्य प्रदेशात ७९ टक्के लोकांमध्ये अँटीबॉडी (संसर्गानंतर किंवा लशीनंतर रक्तात तयार होणारी प्रथिनं). त्याआधीच्या फेरीत देशाचा आकडा २१ होता, त्याच्याही आधी ७ च्या आत. आईचं रक्त यातल्या कशात मोजलं गेलं? त्याचा कुणाला काही उपयोग झाला का? माहीतगार कुणी असेल तर सांगा.

मुरारकर:
आपला जिल्हा त्यात होता, हे खरं. मध्य प्रदेशातून तीनच जिल्हे घेतले होते: देवास, उज्जैन आणि ग्वाल्हेर. जिल्ह्यात दहा गावं किंवा वॉर्ड, प्रत्येकी चाळीस माणसं. म्हणजे साधारण चारशे. तेवढ्यावरून ग्वाल्हेरचं काय कळणार? मला तो ७९ चा आकडा कधीच पटला नाही.

नळीवाली ताई:
दादा, आधी आईंबद्दल फार वाईट वाटलं. मी लॅब टेक्निशियन. त्या दिवसांत अशाच एका पथकात होते, आपल्याच जिल्ह्यात.

१८ ऑगस्टपासून सप्टेंबरपर्यंत चालली ती दुसरी फेरी. आईंचं रक्त त्यात मोजलं गेलं. देशभरातून दहा वर्षांवरचे २९,०८२ जण होते, आणि दर पंधरांत एकाला संसर्ग होऊन गेला होता, म्हणजे ६.६ टक्के. शहरी झोपडपट्टीत १५.६, बाकी शहरात ८.२, खेड्यांत ४.४. आजार कुठून कुठे सरकतोय हे रुग्णालयाच्या आकड्यांत दिसत नव्हतं, कारण तपासणीला येणारे थोडेच होते. नोंद झालेल्या एका रुग्णामागे २६ ते ३२ जणांना लागण झाली होती, हे अशा नळ्यांमुळेच कळलं.

मुरारकरांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. चारशे माणसांवरून ग्वाल्हेरचा आकडा काढायचा नसतोच. ही मांडणी अख्ख्या देशासाठी होती: ७० जिल्हे, ७०० गावं-वॉर्ड. म्हणून तर जुलै २०२१ मध्ये केंद्राने राज्यांना आपापले सर्व्हे करायला सांगितलं. पण चारशे जण घेतले कसे, तेही बघा. वॉर्डात चार ठिकाणं चिठ्ठी टाकल्यासारखी निवडायची आणि तिथून ओळीने घरं घ्यायची. ओळखीचं घर नाही, आजारी माणूस शोधून नाही. ओळीतलं एखादं दार बंद झालं की आम्हाला फार लागायचं. ते घर सुटलं की त्या घरासारखी माणसं मोजणीतून सुटतात. तुमच्या आई सोवळ्यातून बाहेर आल्या, म्हणून त्यांच्या वयाची, घरातच असणारी बाई त्यात आली.

आणि त्यांची अँटीबॉडी नसेल तर? तेही तितकंच मोलाचं. फेब्रुवारी २०२१ मध्ये तिसऱ्या फेरीचा आकडा आला, २१.४ टक्के. त्याचा अर्थ बहुतेक लोक अजून संसर्गाला उघडेच होते. आयसीएमआरचे तेव्हाचे प्रमुख डॉ. बलराम भार्गव हेच सांगत होते. आपल्याकडे मात्र तेव्हा लग्नांचे हॉल भरायला लागले होते. माझ्या स्वतःच्या नात्यात दोन लग्नं झाली, मी जाऊ नका म्हणून भांडले. ते अजून मनातून जात नाही.

७९ टक्के खोटे नव्हते. जून-जुलै २०२१ ची ती चौथी फेरी, म्हणजे दुसरी लाट घराघरांतून फिरून गेल्यावर. शिवाय लस घेतलेल्यांच्या अँटीबॉडीही त्यात होत्या. देशाचा आकडा तेव्हा ६७.६ होता, केरळचा ४४.४. आपला सर्वांत वर.

दौलतगंजकर:
ताई, हे कुणी असं समजावून सांगितलंच नव्हतं. त्या चौथ्या फेरीत लहान मुलंही होती का? माझी मुलगी तेव्हा पहिलीत होती, शाळा मोबाईलवर.

नळीवाली ताई:
हो, सहा वर्षांपासून पुढची. सहा ते नऊ वयात ५७.२ टक्के निघाले. त्यानंतरच भार्गव म्हणाले होते की शाळा उघडायच्या तर प्राथमिकपासून उघडणं शहाणपणाचं.

दौलतगंजकर:
बाबांना सगळं वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प होते. मग विचारलं, नळीवर तिचं नाव होतं का?

नळीवाली ताई:
नाव फॉर्मवर असायचं. नळीवर नंबर, आणि ती चेन्नईला जायची. काकांना माझा नमस्कार सांगा.