जखमेतल्या ‘मॅगट’ला मराठीत काय म्हणायचं?

शब्दवेडी: गुरांच्या प्रथमोपचाराची एक पुस्तिका मराठीत करतेय. जखमेतल्या ‘मॅगट’ला मी सगळीकडे ‘अळी’ लिहिलं. सांगोल्याच्या मामाला वाचून दाखवलं तर तो म्हणाला, “अळी हरभऱ्यावर असती. बैलाच्या खांद्यात आसडी पडती.” शब्दकोशात तर किडा, अळी, कृमी सगळे एकाच ओळीत. मी काय लिहू?

गोठेकरी: मामांचं ऐका, ताई. मी ३१ वर्षं जनावरांच्या दवाखान्यात काम केलं. “अळ्या झाल्या” म्हणत कुणी आलेलं आठवत नाही. “किडं पडलं” किंवा “आसडी पडली”, एवढंच.

‘अळी’ चूक नाही, पण तो फार मोठा शब्द आहे. फुलपाखरू, पतंग, माशी, सगळ्यांच्या पिल्लांना आपण अळीच म्हणतो. मॅगट म्हणजे फक्त माशीची अळी. तिला पाय नसतात, वेगळं डोकं दिसत नाही, तोंडाशी दोन आकडे असतात आणि मुख्य श्वासाची छिद्रं मागच्या टोकाला. म्हणून तर ती जखमेत तोंड खुपसून, शेपूट वर करून बसते. टर्पेंटाइनचा बोळा ठेवला की गुदमरून वर येते, मग चिमट्यानं एकेक काढायची.

एकदा शिंग मोडलेली गाय आली होती. मालक म्हणत होता, रक्त सडलं आणि त्यातनं किडं झालं. त्यातल्या जाड जाड अळ्या मी ओलसर माती घातलेल्या बरणीत टाकल्या, तोंडाला फडकं बांधलं आणि बरणी त्यालाच दिली. आठवड्यात तपकिरी कोष झाले, पुढच्या आठवड्यात हिरव्या-निळ्या माश्या. तो बरणी घेऊन परत आला तेव्हाचा त्याचा चेहरा मला अजून दिसतो. त्यानंतर त्याच्या गोठ्यात जखम कधी उघडी राहिली नाही.

इटलीत रेडी नावाच्या शास्त्रज्ञानं १६६८ साली मांसावर जाळीचं कापड बांधून हेच दाखवलं होतं. आपलं ‘पडणे’ हे क्रियापद मात्र अजून जुन्या समजुतीतच आहे, जणू किडे आपोआप येतात. म्हणून पुस्तिकेत ‘माशीच्या अळ्या (आसडी)’ असंच लिहा. माशी हा शब्द गाळू नका.

रानवाट: शेतातही हाच घोळ आहे. घाटेअळीला पुढं सहा खरे पाय, मागं मांसल पाय. उसाची मुळं खाणाऱ्या हुमणीलाही सहा पाय, पण ती भुंग्याची. ज्वारीची पोंगेमर करते, म्हणजे मधला पोंगा सुकवते, ती खोडमाशीची अळी, तिला पायच नाहीत. टोमॅटोच्या पानावर नागमोडी रेघा ओढणारी नागअळीही माशीचीच, आणि लिंबावरची नागअळी पतंगाची! लिंबावरच्या अळीलाही पाय नसतात, म्हणून नुसत्या नावावर किंवा पायांवर जाऊ नका, भिंग घेऊन नीट बघा.

शब्दवेडी: लिंबाचं माहीत नव्हतं. आणि ‘कृमी’? संपादकांना तो शब्द भारदस्त वाटतो.

गोठेकरी: नको. कृमी म्हणजे पोटातले जंत. ते वाचून माणूस आधी जंताचं औषध पाजायला धावेल आणि शिंगातली जखम तशीच राहील. आसडी एका दिवसात किती आत पोखरते ते मी पाहिलंय. मामांचाच शब्द ठेवा.