छतावरचं सोलर : बिल, कर्ज, कागद, पावसाळा. तुमचा अनुभव लिहा

आमच्या नाशिकच्या घरावर सोलर बसून दीड वर्ष होत आलं. तेव्हापासून गल्लीतली चार घरं, दोन्ही नणंदा आणि भाजीवाल्या मावशींचा मुलगा, सगळ्यांनी तेच प्रश्न विचारलेत. किती किलोवॅट घ्यायचं? कर्ज काढायचं की ठेव मोडायची? अनुदान खरंच येतं का? पावसाळ्यात काय? विकायला येणारा माणूस बोलतो ते उन्हाळ्याच्या आकड्यांवर. ज्यांच्या छतावर ते वर्षभर राहिलंय त्यांनी लिहिलं तर नवीन घेणाऱ्याचा पैसा आणि मनस्ताप दोन्ही वाचेल, म्हणून हा धागा काढतेय. सुरुवात माझ्यापासून.

घराच्या छतावर सोलर बसवायला केंद्राचं अनुदान देणारी पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आली. पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,०००, म्हणजे जास्तीत जास्त ७८,०००. पुढे पाच घ्या की दहा, आकडा तोच. आम्ही तीन किलोवॅट घेतलं. पैसे जमा झाले, पण आमचं घोडं अडलं होतं बिलावरच्या नावापाशी. वीजजोडणी सासऱ्यांच्या नावावर होती, त्यांना जाऊन सहा वर्षं झालेली. अर्ज, आधार, बँकखातं आणि बिल या चारही ठिकाणी नाव एकच हवं. वारसांची संमतीपत्रं, मृत्यूचा दाखला आणि घरपट्टीचा उतारा जोडून जोडणी ह्यांच्या नावावर करून घेण्यात दोन महिने गेले. एजन्सीवाला म्हणत होता, "ते नंतर बघू." नंतर बघू नका. आज रात्रीच बिल काढून नाव वाचा. एका अक्षराचा फरक असला तरी आधी तो दुरुस्त करा.

नागपूरहून

ताई, कर्जाबद्दल मी सांगतो. खर्च १,९५,००० आला. २०,००० जवळचे घातले, १,७५,००० चं कर्ज घेतलं. तीन किलोवॅटपर्यंत दोन लाखांचं कर्ज तारण न ठेवता मिळतं. आम्हाला व्याज सात टक्के लागलं, मुदत दहा वर्षं, हप्ता दोन हजारांच्या थोडा वर. आधी वर्षाची सरासरी काढली तर बिल महिन्याला २,८०० पडायचं, आता स्थिर आकार वगैरे धरून दीड-दोनशे येतं. म्हणजे हप्ता बिलातूनच भागतो. अनुदान जमा झालं त्याच आठवड्यात ते सगळंच्या सगळं कर्जात भरलं आणि हप्ता तोच ठेवला. आता दहाऐवजी पाच वर्षांच्या आत कर्ज फिटतंय. अनुदानाचे पैसे हातात आले की टीव्ही, सोफा दिसायला लागतो. तो मोह तेवढा टाळा.

माझ्या मोठ्या भावाचं उदाहरणही सांगून ठेवतो. घरात लागतात महिन्याला साडेतीनशे युनिट आणि बसवलं पाच किलोवॅट, कारण "छत मोठं आहे, जागा वाया कशाला घालवता" असं एजन्सीने पटवलं. एक किलोवॅट दिवसाला सरासरी चार युनिट देतो. हिशोब करा : वर्षाला तीन हजारांच्या आसपास युनिट जास्तीची. नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे लाइनला दिलेली वीज घेतलेल्या विजेतून वजा करण्याच्या पद्धतीत, ती पुढच्या महिन्यांत वळती होत राहतात हे खरं, पण ३१ मार्चला खातं बंद होतं आणि उरलेल्या युनिटला जो भाव मिळतो तो आपण वीज घेतो त्याच्या आसपासही नसतो. शिवाय वरच्या दोन किलोवॅटला अनुदानाचा एक रुपया नाही. बारा महिन्यांची बिलं समोर ठेवा, एकूण युनिटला बाराने भागा, येईल त्याला १२० ने (एका किलोवॅटची महिन्याची युनिट, चार गुणिले तीस) भागा. तेवढे किलोवॅट पुरे. दोन वर्षांत एसी घ्यायचा नक्की असेल तरच थोडं वर जा.

आणि आमच्याकडच्या मे महिन्याच्या उन्हाने फार वीज होते असं समजू नका. पॅनेलला ऊन हवं असतं, उष्णता नको. तापमान चढलं की उत्पादन घटतं. माझ्या नोंदीत मार्च आणि मे जवळपास सारखे आहेत.

दापोली तालुक्यातून

नमस्कार. माझं सांगणं विजेच्या जाण्याबद्दल. आमच्याकडे पहिला पाऊस पडायच्या आधीच लाइट जायला लागते. पॅनेल बसले, मीटर बदलला, चौथ्या दिवशी सकाळी अकराला लाइट गेली. लख्ख ऊन, वर सहा पॅनेल तळपतायत, आणि घरातला पंखा हळूहळू फिरत थांबला. आई माजघरातून बाहेर आली नि म्हणाली, "अरे, आता तर आपली स्वतःची वीज आहे ना?" मला उत्तर देता येईना. फोन केल्यावर कळलं की ऑन-ग्रिड, म्हणजे बाहेरच्या वीजलाइनला जोडलेली यंत्रणा लाइन गेली की स्वतःहून बंद होते. ते बरोबरच आहे. खांबावर वायरमन काम करत असेल आणि आपल्या छतावरून लाइनमध्ये वीज गेली तर त्याचा जीव जाईल. पण सही घेण्याआधी हे कुणी सांगितलं नव्हतं. तुम्ही सांगा सगळ्यांना.

पावसाळ्याचे आकडे : एप्रिलमध्ये ३९० युनिट, जुलैमध्ये १५५. सलग काळोखी आली तेव्हा एका दिवसात दोन युनिटही पाहिली. उन्हाळ्यातली जमा युनिटं तेव्हा कामाला आली, म्हणून बिल फारसं वाढलं नाही.

पॅनेल ज्यावर बसतात त्या सांगाड्यावर पैसे वाचवू नका. ३ जून २०२० चं निसर्ग वादळ आम्ही पाहिलंय, मंगलोरी कौलं पत्त्यांसारखी उडाली होती. सांगाडा गॅल्व्हनाइज्डच घ्या, नट-बोल्ट स्टेनलेस स्टीलचे मागा, पाय स्लॅबला नीट धरलेत का ते स्वतः चढून बघा. खाऱ्या हवेत साधं लोखंड दोन पावसाळ्यांत फुगतं. माझ्या शेजाऱ्यांचं फुगलंय.

पुण्यातून, सोसायटीच्या सचिवाकडून

फ्लॅटवाल्यांसाठी थोडक्यात. गच्ची सामायिक असल्याने एकट्याने बसवायचं तर सोसायटीची लेखी परवानगी लागते, आणि एकाला दिली की बाकीच्यांना द्यायला जागा उरत नाही. आम्ही लिफ्ट, पंप आणि जिन्यातल्या दिव्यांच्या सामायिक मीटरवर बसवलं. त्याला प्रति किलोवॅट १८,००० अनुदान आहे. सर्वसाधारण सभेत ठराव करून घेतला, ते फार उपयोगी पडलं. वर चढून पुसणार कोण, हेही त्याच सभेत ठरवा.

सांगलीजवळच्या गावातून

सचिवांनी पुसायचा विषय काढला म्हणून लिहितो. आमच्यापासून साखर कारखाना तीन किलोमीटरवर. गाळप सुरू झालं की धुराड्याची काजळी आणि पेटवलेल्या उसाच्या पाचटाची राख रात्रभर पडते. पहिल्या वर्षी डिसेंबरात रोजचं उत्पादन १३ युनिटवरून ९ वर आलं. वाटलं सोलरचा इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरात चालेल अशी करणारं यंत्र) बिघडला. कारागीर वर गेला, पॅनेलवरून बोट फिरवलं आणि मला दाखवलं. बोट काळं, आणि काचेवर जिथं फिरलं तिथं निळी रेघ. त्या दिवशी धुतलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा १३.

तेव्हापासून गाळपाच्या दिवसांत दर आठ दिवसांनी धुतो, उजाडायच्या आत. तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नये. बोअरचं पाणी क्षाराचं असेल तर वाळून पांढरे डाग धरतात, ते सहज निघत नाहीत; लगेच रबरी पट्टीने ओढून घ्यायचं. साबण, पावडर काही नको. आणि शिडीची सोय बसवतानाच करून घ्या. आमचे वडील पासष्टीचे, त्यांना पत्र्यावरून चालू देत नाही मी.

अजून एक. सोलरच्या अ‍ॅपवर दिवसाला १३ युनिट दिसतात आणि बिलात महिन्याची निर्यात (लाइनला दिलेली युनिट) त्या मानाने कमी दिसते, म्हणून गावात तिघांनी तक्रार केली. चोरी नसते ती. दिवसा पंखा, फ्रिज, मोटर यांनी जी वीज तिथल्या तिथं खाल्ली ती मीटरपर्यंत जातच नाही. उरलेलीच निर्यात होते.

छत्रपती संभाजीनगरहून

मी नोकरीला बाहेर, आईबाबा तिथे. फोनवरून सगळं ठरवलं आणि सावली बघायची राहिली. दुपारी तीननंतर शेजारच्या इमारतीची टाकी दोन पॅनेलवर सावली टाकते, आणि एका ओळीतले पॅनेल जोडलेले असल्याने बाकीच्यांचंही उत्पादन खाली येतं. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलला की जास्तच. छताचे फोटो सकाळी नऊ, दुपारी बारा आणि चार वाजता काढून मागवा, शक्यतो डिसेंबरातले. पैसे टप्प्याटप्प्यानेच द्या. आम्ही ९० टक्के आधी दिले आणि अर्थिंगचा तिसरा खड्डा घ्यायला माणूस पाच आठवडे आला नाही. एसी (घराकडची वायरिंग), डीसी (पॅनेलकडची) आणि वीजरोधक (आकाशातली वीज जमिनीत नेणारा), तिन्हींचं अर्थिंग वेगळं हवं. सप्टेंबर २०२५ पासून सोलर साहित्यावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झालाय, तेव्हा जुनं कोटेशन असेल तर नवीन मागा.

पुन्हा मी, नाशिक

दापोलीच्या दादांना विचारायचंय. लाइट जाण्यावर शेवटी काय केलंत? बॅटरीसकट हायब्रिड, म्हणजे लाइन गेली तरी चालणारी यंत्रणा घेतलीत का? माझ्या नणंदेचं घर इगतपुरीला आहे, तिलाही हाच प्रश्न आहे.

दापोली तालुक्यातून

ताई, हायब्रिडचा भाव काढला होता, लिथियम बॅटरीसकट बजेट बरंच वर जात होतं, म्हणून सोडलं. घरात जुना इन्व्हर्टर आणि १५० एएचची बॅटरी होतीच. ती काढून टाकणार होतो, ठेवली. ती लाइनवर चार्ज होते, सोलरशी तिचा संबंध नाही. लाइट गेली की चार दिवे, दोन पंखे आणि वायफाय चालतं. फ्रिज नाही चालत. रात्रभर लाइट गेली तर बॅटरी पहाटेपर्यंत पुरते. नणंदबाईंकडे जुना इन्व्हर्टर असेल तर भंगारात देऊ नका म्हणावं.