छोटा अ‍ॅनालॉग डिले पेडल घ्यायचाय, मदत हवी आहे (लवकर)

लातूरचा_गिटारवाला: नमस्कार मंडळी. बोर्डावर एकाच पेडलची जागा उरलीय. छोटा अ‍ॅनालॉग डिले पाहिजे, म्हणजे गिटारचा सूर प्रतिध्वनीसारखा परत परत ऐकवणारा, विरत विरत जाणारा. आत्ताचा डब्बा 'अ‍ॅनालॉग' लिहिलेला पाहून मागवला, पण लई घरघर करायलाय, परेशान झालोय. बजेट दहा हजार. शनिवारी कार्यक्रम आहे. दोन नावं सांगा.

परभणीकर: अ‍ॅम्प कोणता? बाकी पेडल कोणते? करंट कशावरून देतोस? गाणी कसली?

जालना_तात्या: दहा हजारांत मल्टिइफेक्ट घे, मोकळा हो. पन्नास आवाज येतात. मी सहा वर्षं वापरतोय, एकदाही अडलं नाही.

लातूरचा_गिटारवाला: तात्या, मल्टी नको. तोच विकून पेडल जमवलेत.

बीबीडी_वेडा: आधी हे समजून घ्या. खऱ्या अ‍ॅनालॉग डिलेत बकेट ब्रिगेड चिप असते, १९६९ साली फिलिप्समध्ये शोध लागलेली. आपल्याकडं टँकर आला की रांग लावून कळशा हातोहात पुढं देतात, तसा आवाज एका कपॅसिटरमधून दुसऱ्यात सरकतो. जुन्या बॉस डीएम-२ पेडलमधल्या एमएन ३००५ चिपमध्ये असे ४०९६ टप्पे. रांग तेवढीच, कळशी सावकाश सरकवली की वेळ वाढतो, पण सांडतंही जास्त. म्हणून लांब डिलेत आवाज काळवंडतो. स्वस्तातल्या पुष्कळ 'अ‍ॅनालॉग' पेडलांत पीटी २३९९ चिप असते, ती आतून डिजिटल.

जालना_तात्या: मंडपात हजार माणसं बसलेली असताना चिप कुणाला ऐकू येते?

बीबीडी_वेडा: वाजवणाऱ्याला येते, तात्या. हात त्या आवाजावर चालतो.

बीड_बेस: तारा कधी बदलल्या? गंजक्या तारांवर कोणताच पेडल गोड लागत नाही. मी दर दोन महिन्यांनी बदलतो.

परभणीकर: माझे प्रश्न तसेच राहिले.

लातूरचा_गिटारवाला: सॉरी दादा. ऑर्केस्ट्रात वाजवतो. घरी १५ वॅटचा अ‍ॅम्प, स्टेजवर सरळ मिक्सरला. ट्यूनर, डिले, ओव्हरड्राइव्ह (आवाज फाडणारा पेडल), याच क्रमानं, तिन्ही एकाच अ‍ॅडॉप्टरवर. गाणी जास्त करून हळू, मिनिटाला ८० ठोक्यांच्या आसपास.

परभणीकर: हे आधी सांगायचं की! डिले ओव्हरड्राइव्हच्या आधी लावलास, म्हणजे प्रत्येक प्रतिध्वनी घुसळला जातोय, घरघरही वाढतीय. डिले शेवटी लाव. मग फक्त डिलेला ९ व्होल्टची बॅटरी घालून बघ. घरघर गेली तर दोष अ‍ॅडॉप्टरचा.

दुसरं, मिनिटाचे ६०,००० मिलिसेकंद, त्यांना लयीनं भाग दे. ८० ला एक ठोका ७५० मिलिसेकंद, अर्धा ३७५. म्हणजे जास्तीत जास्त ३०० मिलिसेकंदवाला पेडल तुला अर्ध्या ठोक्यालाही पुरत नाही. बेहरिंजर व्हीडी४०० स्वस्त आहे, पण तो ३०० चाच. आयबानेझ अ‍ॅनालॉग डिले मिनी ६०० पर्यंत जातो, जागाही कमी घेतो. एमएक्सआर कार्बन कॉपीही ६०० चा, पण नवा दहात बसायचा नाही, वापरलेला बघ. बॉस डीएम-२डब्ल्यू कस्टम मोडला ८०० जातो, तो अजून महाग.

बीबीडी_वेडा: कार्बन कॉपीच. रिजेनचा खटका (प्रतिध्वनी किती वेळा यावा ते ठरवणारा) घड्याळातल्या दोनच्या काट्यावर ठेवला की तिसरा प्रतिध्वनी पलीकडच्या गल्लीतून आल्यासारखा वाटतो. अंगावर काटा येतो.

बीड_बेस: मंडपात जनरेटर असतो का? लाइट कमी-जास्त करणारे डिमर त्याच लाइनवर असतील तर पेडल बदलून काही होणार नाही. साऊंडवाल्याला वेगळी लाइन माग.

लातूरचा_गिटारवाला: दादा, आत्ताच डिले शेवटी लावून बघितला. निम्मी घरघर तिथंच गेली. बॅटरी घातल्यावर बाकीचीही गेली. पण आवाज अजून काचेसारखा टोचतोय, विरत नाही. मिनीच घेतो. त्याला बॅटरी बसते का?

परभणीकर: नाही, अ‍ॅडॉप्टरवरच चालतो. ९ व्होल्ट, आतली पिन निगेटिव्ह. त्याला वेगळा अ‍ॅडॉप्टर दे, आहे त्या तिघांच्या साखळीत जोडू नको.

जालना_तात्या: मल्टी कितीला विकलास? पुतण्याला पाहिजे होता.