मदत हवी आहे: लॅब्राडॉरसाठी नाताळचा केक मधे कच्चा राहतो

प्लम केकचा तुकडासुद्धा कुत्र्याला द्यायचा नाही, हे पक्कं. मनुका-बेदाण्यांनी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात आणि किती खाल्ले म्हणजे धोका, हे कुत्र्यागणिक बदलतं. रम आणि चॉकलेट तर नाहीच नाही.

म्हणून त्याचा वेगळा केक: एक वाटी ओट्सचं पीठ, अर्धी वाटी उकडून कुस्करलेला लाल भोपळा, एक अंडं, चमचाभर खाण्याचं खोबरेल तेल. साखर, मीठ, जायफळ, सोडा काही नाही. ओव्हनमध्ये १८० अंशांवर २५ मिनिटांत कडा सुटतात, पण मधे सुरी घातली की ओला चिकट गोळा लागून येतो. भोपळ्याचं पाणीच नडतंय असं वाटतं. तो फडक्यात पिळून घ्यावा की कढईत कोरडा परतावा? पांढरं वेगळं फेसून घातलं तर सोड्याशिवाय हलका होईल का? वर चक्का लावणार आहे, बिनसाखरेचा.

आणखी एक. नाताळच्या झाडावरची चमकी (चकचकीत झालरीची माळ) गिळली तर आतड्यात अडकून ते चुणतं, कापतंही. ऑपरेशनची वेळ येते. खालच्या फांद्यांवर तिच्याऐवजी काय लावता? शेपटीच्या फटक्याने पडलं तरी फुटणार नाही असं हवं.