कर्णाला निर्दोष ठरवायला द्रौपदीला दोषी का करायचं?

रेवती_क
कर्ण मला लहानपणापासून आवडतो, म्हणूनच हे लिहितेय. त्याच्या चाहत्यांच्या रील्समध्ये आता एकच कथा फिरते. द्रोणांनी सूतपुत्र म्हणून शिकवलं नाही, द्रौपदीने भर स्वयंवरात जात काढली, आणि द्यूतसभेत तो जे बोलला ती त्या अपमानाची परतफेड होती.

महाभारत उघडून बघा. आदिपर्वात द्रोणांकडे शिकायला आलेल्यांत राधेयाचं, म्हणजे कर्णाचं, नाव आहे. शांतिपर्वात द्रोण नकार देतात तो फक्त ब्रह्मास्त्राला. द्रौपदीचं 'मी सूताला वरणार नाही' हे वाक्य पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीत मुख्य संहितेत नाही. सभेत द्रौपदीला बंधकी (वेश्या) म्हणणं आणि पांडवांची व तिची वस्त्रं उतरव असं दुःशासनाला सांगणं, हे मात्र आहे, आणि ते कर्णाच्याच तोंडी आहे.

भर घालायला माझी हरकत नाही. कर्णाच्या बायकोचं नावसुद्धा व्यासांनी दिलेलं नाही. स्त्रीपर्वात गांधारी तिचा रणांगणावरचा आक्रोश दाखवते, तेवढीच ती दिसते. 'मृत्युंजय'मध्ये शिवाजी सावंतांनी तिला वृषाली म्हणून बोलतं केलं, ते मला फार मोलाचं वाटतं. त्यासाठी दुसऱ्या कुणावर खोटा आळ घ्यावा लागला नाही.

गोदाकाठ
साफ असहमत. चिकित्सक आवृत्ती म्हणजे व्यासांच्या हातची प्रत नव्हे. १९१९ ते १९६६ या काळात १,२५९ हस्तलिखितं धुंडाळून पंडितांनी ठरवलेला तो पाठ आहे. तुम्ही नाकारताय ते वाक्य नीलकंठी पाठात आहे, आणि हा पाठ ज्यांच्या नावाचा ते महाभारताचे टीकाकार नीलकंठ चतुर्धर सतराव्या शतकातले, मूळचे आपल्या कोपरगावचे. निदान तीनशे वर्षं लोक ते वाक्य वाचतायत, ऐकतायत. ते कुणी रीलसाठी रचलेलं नाही.

आणि लोकांनी कधी विचारून भर घातली? जांभूळ आख्यान या लोककथेत द्रौपदीच्याच मनात कर्ण भरतो, आणि तुटलेलं जांभूळ पुन्हा देठाला चिकटवायला तिला ते सगळ्यांसमोर कबूल करावं लागतं. शाहीर विठ्ठल उमपांनी ते आख्यान रंगवलं तेव्हा समोरच्यांनी पोथी काढून पडताळलं नाही.

माळरान
गोदाकाठ यांच्याशी सहमत, पण माझं कारण वेगळं आहे. अंगी गुण असूनही ज्यांना आधी 'कुणाचा रे तू?' हा प्रश्न झेलावा लागतो, त्यांना कर्ण पुस्तकात शोधावा लागत नाही. आमच्या घरात तो हरलेला राजा म्हणून येत नाही, आपल्यातला म्हणून येतो. त्याच्यातले दोष मोजून दाखवणारे पुष्कळ भेटतात. अर्जुनाचे दोष इतक्या तत्परतेने कुणी मोजत नाही.

रेवती_क
माळरान, तुमचं म्हणणं मनापासून मान्य. पण तो अपमान संहितेतच आहे, आणि भरपूर आहे. राजपुत्र शस्त्रविद्या दाखवत होते त्या आखाड्यात कृपाचार्य त्याचं कुळ विचारतात. त्याला वाढवणारा सारथी अधिरथ घामाघूम होऊन येतो, कर्ण राज्याभिषेकाने ओलं झालेलं मस्तक त्याच्यापुढे झुकवतो, आणि भीम म्हणतो, जा, चाबूक धर. यात काहीच वाढवायची गरज नाही. हे करणारे कृप आणि भीम होते, तर वचपा द्रौपदीवर का? रील्स नेमकी ही अदलाबदल करतात. ती झाली की सभेतलं वस्त्रहरण 'तिनेच ओढवून घेतलं' इथवर जातं. खालच्या कॉमेंट वाचा, शब्दशः हेच लिहिलेलं असतं. तिथे माझं डोकं फिरतं.

जांभूळ आख्यानाबद्दलही. त्यात द्रौपदीला मन आहे, इच्छा आहे. ती भर मोठी आहे. रीलमधल्या द्रौपदीला फक्त माज आहे.

चौकस
पांडव वनवासात असताना कौरव गुरं पाहण्याच्या निमित्ताने वनात गेले, त्या घोषयात्रेत गंधर्वांपुढून कर्ण पळाला, दुर्योधन पकडला गेला आणि पांडवांनी सोडवला. चाहत्यांच्या एकाही व्हिडिओत हे अजून पाहिलं नाही.

गोदाकाठ
चौकस, नायकाचे पराभव कोणताच चाहता दाखवत नाही, त्यात नवल काय? रेवती, वस्त्रहरणाबद्दलच्या त्या कॉमेंट मलाही घाण वाटतात. त्यांचं समर्थन मी करणार नाही. पण म्हणून परंपरेतलं वाक्य गैर ठरत नाही. आणि मूळ कर्णाला पश्चात्ताप झालेलाच आहे. उद्योगपर्वात तो कृष्णाला स्वतःच सांगतो की दुर्योधनाला खूश करायला मी कटू बोललो, त्याने आज जळतोय.

सावली७
ती ओळ नीट वाचा. 'पांडवांना' कटू बोललो, असं तो म्हणतो. द्रौपदीचं नाव त्यात नाही. युद्ध होतं, कर्ण पडतो, पण तिच्यासमोर उभं राहून त्याने चूक कबूल केली असा प्रसंग कुठेच नाही. चाहत्यांना कर्णासाठी काही लिहायचंच असेल तर तो प्रसंग लिहावा. ती काय उत्तर देते तेही लिहावं, आणि तिने माफ केलंच पाहिजे असं आधीच ठरवून बसू नये.