मदत हवी आहे: सात वर्षांची हद्दपारी नेमकी कोणत्या दिवसापासून मोजत असत?

अडलेला वक्ता
आमच्या मंडळात येत्या रविवारी मला पंधरा मिनिटे बोलायचे आहे आणि सगळे टिपण एका आकड्यावर अडून राहिले आहे. कैद्याला १७८२ मध्ये सात वर्षांची शिक्षा झाली, जहाज १७८८ च्या जानेवारीत पोहोचले आणि १७९१ मध्ये त्याच्या नावावर जमीन झाली. पोहोचल्यापासून सात वर्षे मोजली तर १७९५ येते. मग शिक्षा भोगत असलेल्या चोराला सरकारने जमीन दिलीच कशी? कृपया नेमके उत्तर द्यावे. ‘शोधून पाहा’ असे सांगू नये, ते करून झाले आहे.

रत्नागिरीकर
कैदी कोण, देश कोणता आणि जहाज कोणते, यांपैकी एकही गोष्ट आपण सांगितलेली नाही. अंदमानची कैद्यांची वसाहत १८५८ मध्ये सुरू झाली, त्यामुळे ते काळे पाणी नव्हे एवढे नक्की. तरीही आपल्या श्रोत्यांना अंदमानपासून सुरुवात करून दिलीत तर विषय चटकन कळेल, असे मी सुचवीन.

अडलेला वक्ता
अंदमानाचा प्रश्नच नव्हता. ऑस्ट्रेलिया, अर्थातच. कैदी जेम्स रूस, जहाज ‘स्कारबरो’, म्हणजे ब्रिटनमधून कैदी घेऊन तिकडे गेलेल्या जहाजांचा पहिला ताफा.

जुनी दप्तरे
हे आधी लिहिले असते तर दोन प्रतिसाद वाचले असते. मुदत शिक्षा ठोठावल्यापासून मोजली जाई, किनाऱ्याला लागल्यापासून नव्हे. रूसला कॉर्नवॉलमधील बॉडमिन येथे घरफोडीसाठी, दोन चांदीची घड्याळे चोरल्याबद्दल, दोषी ठरवण्यात आले आणि त्याची रवानगी मुळात आफ्रिकेत व्हायची होती. अमेरिकेतील युद्धामुळे कैदी तिकडे धाडण्याची जुनी वाट बंद झालेली असल्याने, त्याला प्लिमथ बंदरात ‘डंकर्क’ नावाच्या तरंगत्या तुरुंगात सुमारे पाच वर्षे ठेवण्यात आले. म्हणजे सातांपैकी बहुतेक वर्षे त्याने इंग्लंडचा किनारा न सोडताच भोगली. १७८९ च्या जुलैमध्ये आपली मुदत संपली, असा त्याचा स्वतःचा दावा होता.

सनदवाले
दप्तरेसाहेब मूळ मुद्दा चुकवत आहेत. मुदत संपो न संपो, चांगल्या वर्तणुकीच्या कैद्याला ‘तिकीट ऑफ लीव्ह’ देऊन आपल्या पोटापुरते कमावण्याची मोकळीक दिली जाई. रूसला तेच मिळाले असणार.

जुनी दप्तरे
ती पद्धत त्या वसाहतीचे नंतरचे गव्हर्नर किंग यांनी १८०१ मध्ये सुरू केली. दहा वर्षे आधी जमीन मिळालेल्या माणसाला ती लावता येणार नाही.

अडलेला वक्ता
वाद नंतर घालावा ही विनंती. मुदत १७८९ मध्येच संपली असेल, तर जमीन हातात यायला १७९१ का उजाडले?

जुनी दप्तरे
कारण कैद्यांच्या शिक्षेची कागदपत्रे ताफ्याबरोबर पाठवलेलीच नव्हती, त्यामुळे ‘मी सुटलो’ हे रूसला सिद्ध करता येईना आणि वसाहतीचे पहिले गव्हर्नर फिलिप यांना ते पडताळता येईना. मला हा या गोष्टीतील सर्वांत विलक्षण भाग वाटतो. फिलिप यांनी मधला मार्ग काढला. वसाहत उपासमारीच्या उंबरठ्यावर होती. रसद घेऊन निघालेले ‘गार्डियन’ जहाज १७८९ च्या डिसेंबरमध्ये हिमनगावर आदळले, ते पुढचेच संकट. एक माणूस किती काळात स्वतःचे पोट भरू शकतो हे फिलिप यांना पाहायचे होते, आणि रूस शेतीत वाढलेला होता. म्हणून नोव्हेंबर १७८९ मध्येच त्याला सिडनीजवळच्या पॅरामॅटा येथे जमिनीचा तुकडा, झोपडी आणि अवजारे देऊन कसायला बसवले, मालकी मात्र दिली नाही. १७९० मध्ये त्याने एलिझाबेथ पेरीशी लग्न केले. फेब्रुवारी १७९१ मध्ये त्याने आपण स्वतःचे पोट भरू शकतो असे कळवले, तेव्हा तीस एकरांची सनद झाली. त्या वसाहतीतील ती पहिलीच.

कोकणी शेतकरी
खताचे काय केले, हे कोणीच विचारत नाही. गुरेच नव्हती, तर शेणखत कुठून येणार? त्याने तोडलेली झाडे जाळून ती राख मातीत खणून मिसळली होती. म्हणजे आमचा राबच, पेरणीआधी पालापाचोळा जाळून जमीन भाजतात तो.

सनदवाले
राब भाताच्या रोपवाटिकेसाठी भाजतात, गव्हाच्या उभ्या शेतासाठी नव्हे.

कोकणी शेतकरी
राख ती राखच. आणि गवताची ढेकळे उलटवून ती कुजू देण्याची पद्धत तर आपल्याकडेही सगळ्यांना ठाऊक आहे.

अडलेला वक्ता
दप्तरेसाहेब, आभार. टिपणातले १७९५ खोडले. ती जमीन त्याने शेवटपर्यंत कसली का, एवढे सांगावे. म्हणजे शेवट लिहिता येईल.

जुनी दप्तरे
नाही. १७९३ मध्ये त्याने ती शल्यचिकित्सक जॉन हॅरिस यांना चाळीस पौंडांना विकली आणि पुढे हॉक्सबरी नदीकाठी गेला. १८३७ मध्ये तो वारला. कॅम्पबेलटाउन येथील त्याच्या थडग्यावरील ओळींत, या वसाहतीत पहिले धान्य आपण पेरले, असे चुकीच्या स्पेलिंगांसह कोरलेले आहे.